बाबांच्या लेथवरचा दिवा

धायरीत आमच्या घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात बाबांचं साडेतीन फुटी लेथ, म्हणजे फिरत्या धातूला टूल (कापणारं पातं) लावून तो तासायचं मशीन. बाबा चिंचवडच्या एका वाहन कारखान्यात टर्नर होते. ते निवृत्त झाले त्याच सुमारास भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप बंद होत होतं, तिथून त्यांनी हे जुनं मशीन आणलं. मिक्सरचे बुश, गिरणीचे रोलर, शेतकऱ्यांच्या फवारणी पंपांची पितळी नोझल असली कामं ते करतात. मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. शनिवार-रविवार मात्र शेडमध्ये असते, कारण हे काम मला बाबांकडून शिकून घ्यायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मायक्रोमीटर नीट दिसायला लागला, पण शेडमधल्या जुन्या ट्यूबलाइटखाली जॉबवरच्या, म्हणजे तासायच्या तुकड्यावरच्या, बारीक रेघा दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. ट्यूब छताला, आपल्या पाठीमागे. मशीनसमोर उभं राहिलं की स्वतःच्याच डोक्याची सावली टूलवर पडायची. मी सरळ एक वीस वॅटची एलईडी ट्यूब मागवली, दोनशे चाळीस रुपयांची, आणि ती लेथच्या बरोबर वर टांगली. शेड लखलखीत झाली. काम संपलं असं मला वाटलं.

त्यानंतरच्या शनिवारी धो धो पाऊस होता. पत्र्यावर असा आवाज की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळू नये. चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात, षटकोनी पितळी रॉड होता, पट्टा वेग ठरवणाऱ्या पुल्यांपैकी तिसऱ्या पुलीवर. चिप्स झटकायला मी ब्रश उचलला, हात पुढे नेला, तेवढ्यात दारातून बाबा ओरडले, "हात मागे घे!"

मला रॉड जवळजवळ थांबलेला दिसत होता. मोटर बंद केल्यावर रॉड शेवटचे एक-दोन फेरे सावकाश फिरतो ना, तसाच. कडा जरा धूसर होत्या, पण सहाही बाजू मोजता येत होत्या आणि तो संथपणे उलट्या दिशेनं फिरत होता. मोटरचा आवाज पावसात बुडालेला. खरं तर मशीन पूर्ण वेगात चालू होतं.

मी मशीन बंद करून खाली बसले. हात बराच वेळ थरथरत होते. बाबा जवळ येऊन म्हणाले, "हे ट्यूबमुळे झालं. आमच्याकडे शॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर असायच्या, म्हणजे सगळ्या एकदम मंदावत नसत, त्या यासाठीच."

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. आपली वीज ५० सायकलची. प्रत्येक सायकलमध्ये दाब दोनदा शिखरावर जातो आणि दोनदा शून्यावर येतो, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. मशीनच्या पाटीवर तिसऱ्या पुलीचा वेग ९६० फेरे, म्हणजे सेकंदाला १६. रॉडला बाजू सहा. डोळ्यासमोरून सेकंदाला ९६ बाजू जातात. दिवा १०० वेळा उजळतो. प्रत्येक उजळण्याच्या वेळी पुढची बाजू आधीच्या जागेवर जेमतेम पोचत आलेली असते, किंचित मागे असते. म्हणून रॉड उलटा फिरल्यासारखा दिसतो, मिनिटाला ४० फेऱ्यांनी. वेग बरोबर १००० असता तर तो ठार उभा दिसला असता. तीन जॉच्या (पकडणाऱ्या जबड्यांच्या) चकला तसं दिसायला २००० फेरे लागतात, चार जॉच्या चकला १५००. त्यामुळे रोजच्या कामात हे लक्षात येत नाही आणि एखाद्या दिवशी वेग आणि आकार नेमके जुळतात.

जुन्या चोकवाल्या ट्यूबमध्येही हे होतं, पण तिच्या आतल्या पावडरीची चमक क्षणभर टिकते, म्हणून अंधार तितका खोल जात नाही. एलईडी मात्र प्रवाह थांबला की तत्क्षणी विझतो. प्रवाह सपाट करणारा ड्रायव्हर आत असेल तर काहीच प्रश्न नाही. माझी ट्यूब मी उघडून पाहिली, तर आत रेक्टिफायर, एक इवलीशी चिप आणि दोन रेझिस्टर. प्रवाह सपाट करणारा कपॅसिटर नव्हताच. शिवाय अशा स्वस्त ट्यूबमध्ये एलईडीची पट्टी थेट मेन्सला, म्हणजे भिंतीतल्या विजेला, जोडलेली असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कूलंट (कापताना जॉब थंड ठेवणारं द्रव) उडणाऱ्या जागी असलं काही डोक्यावर टांगायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

बाबांचा पहिला सल्ला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब. त्यात तथ्य आहे. बल्बची तार दोन शिखरांच्या मधे थंड होत नाही, त्यामुळे लुकलुक नगण्य. तोही लावून पाहिला. कपाळ भाजतं, आणि तापलेल्या काचेवर कूलंटचा थेंब पडला की बल्ब तडकतो. आमचा चौथ्या दिवशी तडकला.

मग मी पुण्यातली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. ऑफिस सुटल्यावर तीन संध्याकाळी गेले. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावायचं आणि दिव्याकडे धरायचं. लुकलुकणारा दिवा पडद्यावर धडधडताना दिसतो, चांगला दिवा स्थिर. दुकानदाराला म्हणायचे, "दादा, हा जरा लावून दाखवता का?" पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "ताई, घ्यायचाय ना नक्की?" कारण सांगितल्यावर मात्र त्यानंच काउंटरवर आठ-दहा दिवे मांडले आणि आम्ही दोघांनी मिळून तपासले. किंमत आणि लुकलुक यांचा सरळ संबंध नव्हता. दोनशेतला एक स्थिर निघाला, साडेचारशेतला एक भयंकर. खोक्यावर वॅट छापतात, लुमेन छापतात, लुकलुक किती हे मात्र क्वचितच कुणी छापतं. माझ्या मते मशीनवर लावायच्या दिव्यात पहिल्यांदा पाहायची गोष्ट हीच. उजेड थोडा कमी असला तर काम हळू होईल. थांबलेलं दिसणारं चालू मशीन बोट घेऊन जाईल.

त्याच फेरीत मी शिलाई मशीनचा दिवा घेतला. लवचीक मान, बुडाला चुंबक, तीनशे रुपये. आकार अगदी हवा तसा. पण तोही मेन्सवरचा आणि फोनमध्ये धडधडणारा, आणि चुंबक कापडाच्या कामापुरता. लेथच्या थरथरीनं तो चकमागच्या हेडस्टॉकवरून सरकत चकच्या दिशेनं येऊ लागला. पाच मिनिटांत काढून ठेवला.

वाट सापडली ती बाबांच्या आठवणीतून. त्यांच्या कारखान्यात मशीनवरचे दिवे २४ व्होल्टचे असत, प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्मर. वायर तुटली, पाणी शिरलं तरी माणूस सुरक्षित. मी म्हटलं, मग आपण १२ व्होल्ट डीसीवर का नको? सीसीटीव्ही कॅमेऱ्याला लागणारा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर तपकीर गल्लीत दुकानोदुकानी मिळतो. तो मेन्सपासून वेगळा केलेला, सपाट डीसी देतो, त्यावर एलईडी लुकलुकत नाही. दुकानदार सोबत डिमरही देत होता. तो मी घेतला नाही, कारण असले डिमर प्रकाश कमी करताना दिवा भराभर चालू-बंदच करतात. ज्या रोगावर औषध शोधत होते तोच पुन्हा घरात आणायचा नव्हता.

आता दिवा कुठे आणि कसा लावायचा. इथे मी पुन्हा चुकले असते. माझ्या डोक्यात एक झगझगीत फोकस होता, थेट टूलच्या टोकावर. बाबा म्हणाले, "पेंट शॉपच्या शेवटी गाडी तपासतात तिथे काय असतं? लांबच लांब ट्यूबच्या रांगा. इन्स्पेक्टर गाडीकडे बघत नाही, पत्र्यातल्या ट्यूबच्या प्रतिबिंबाकडे बघतो. रेघ वाकडी झाली की तिथे पोचा आहे."

जॉब म्हणजेही चकाकता दंडगोल. छोट्या फोकसखाली त्यावर एक बारीक, डोळ्यात घुसणारी चमक येते आणि बाकी सगळं काळं. स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याला, समांतर लांब पट्टी लावली, वर दुधी झाकण घातलं, तर जॉबच्या पूर्ण लांबीवर एक रुंद, मऊ पांढरी रेघ उमटते. टूलनं थरथर केली असेल, पायरी राहिली असेल, तर ती रेघ तिथे फाटते किंवा सरकते. सेकंदात दिसतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबांनी जॉबवर बोट न फिरवताच सांगितलं, "इथे दोन सेंटी अलीकडे टूल दबलंय."

तर साहित्य असं. मीटरला १४.४ वॅटवाली १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप, ४००० केल्विनची, म्हणजे किंचित पिवळसर पांढरी. ६५०० ची पांढरीशुभ्र आधी पाहिली होती, पण मापायच्या व्हर्नियरच्या चकचकीत पट्टीवर तिची तिरीप बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना सहन होईना. ती स्ट्रिप दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम चॅनेलमध्ये चिकटवली. चॅनेल हवंच, नाहीतर एलईडी तापून लवकर मंदावतात. ९० सेंटिमीटर लांबी, म्हणजे साधारण १३ वॅट. भिंतीवरच्या फळीला पुढे एक लाकडी पट्टी ठोकून चॅनेल लेथच्या बेडच्या (खालच्या आडव्या पायाच्या) वर सुमारे ५५ सेंटिमीटरवर आणलं, माझ्या डोक्याच्या पुढे आणि नजरेच्या वर. सावली मागे गेली.

बोअरिंगला, म्हणजे भोक आतून तासायला, मात्र वरचा उजेड भोकात जात नाही. त्यासाठी शिलाई मशीनच्या दिव्यातलं मेन्सचं सगळं काढून टाकलं आणि त्याच्या डोक्यात पाट्यांच्या आत बसवतात ती १२ व्होल्टची दोन सीलबंद मॉड्यूल बसवली. बारा रुपयाला एक, पाणी शिरत नाही. मान डायल गेजच्या जुन्या मॅग्नेटिक स्टँडवर घट्ट बांधली. त्याचा चुंबक खटका फिरवून सुटतो आणि बसला की हलत नाही. तो सॅडलच्या (टूल घेऊन सरकणाऱ्या भागाच्या) चकपासून लांबच्या बाजूला ठेवते, म्हणजे टूलबरोबर दिवाही सरकतो. वायर लोखंडी लवचीक पाइपातून मागच्या बाजूनं नेली, सॅडल सरकवणाऱ्या लीड स्क्रूपासून लांब. लोंबणारी वायर चकमध्ये किंवा स्क्रूत गुंडाळली गेली तर काय होतं ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते फार बोलत नाहीत त्यावर, पण वायरचा प्रत्येक क्लिप त्यांनी स्वतः ओढून तपासला. अडॅप्टर भिंतीवर, कूलंटच्या पोचेबाहेर. मशीनचं अर्थिंगही त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं.

सगळा खर्च, शिलाईचा दिवा धरून, साधारण तेराशे रुपये. स्टँड घरातलाच होता आणि स्ट्रिपचा चार मीटर तुकडा उरलाय. फोनच्या अॅपवर टूलपाशी आधी १४० लक्स (उजेडाचं माप) येत होते, आता साडेपाचशेच्या आसपास. अॅपचा आकडा काटेकोर नसतो, पण आधीचा आणि नंतरचा एकाच फोनवर मोजल्यामुळे फरक कळतो. दशांश मिलिमीटरहून बारीक कामाला ५०० लक्स धरतात, तिथे आम्ही पोचलो.

आटे पाडताना बाबा आणखी एक करतात, तेही सांगते. टूल सरळ बसवायला सेंटर गेजला (आट्याच्या कोनाच्या पट्टीला) लावताना ते खाली बेडवर पांढरा कागद ठेवतात. वरचा उजेड कागदावरून उलटा वर येतो आणि टूल आणि गेज यांच्यामधली केसाएवढी फटही उजळते. पूर्वी ट्यूबखाली हे करायला ते बॅटरी तोंडात धरायचे.

षटकोनी रॉड मी मुद्दाम पुन्हा लावला, त्याच तिसऱ्या पुलीवर. सहा बाजूंचा मागमूस नाही, नुसता गोल, पुसट, फिरणारा. फोनमध्येही चित्र स्थिर. तरीही पाऊस जोरात असला की ब्रश उचलण्याआधी मी स्विचकडे बघते, आणि बाबाही बघतात.

जॉब कापून वेगळा करणाऱ्या कटिंग ऑफच्या पात्याची डावी बाजू अजून अंधारात राहते. उरलेल्या स्ट्रिपचा एक छोटा तुकडा हेडस्टॉकच्या कडेला लावून बघायचा आहे. बाबांचं म्हणणं, वरचं चॅनेल आधी दोन बोटं पुढे घे. येत्या रविवारी आधी ते करू.