‘विचार करावा’पासून ‘ताबडतोब निघा’पर्यंत

२०२२ च्या फेब्रुवारीत मी युक्रेनमधल्या खारकीव्हला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. १५ तारखेला कीव्हच्या भारतीय दूतावासाची सूचना ग्रुपवर पडली: ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. या ‘विचार करावा’वर आमच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात रात्रभर काथ्याकूट चालला. उदगीरहून पप्पा म्हणाले, “सरकार ‘निघा’ तर म्हणत नाही ना? मग एवढं महागडं तिकीट कशाला काढायचं?”

त्यांचं तरी काय चुकलं? कॉलेज ऑनलाइन तास घ्यायला तयार नव्हतं. तिकडे तास बुडला की नावापुढे ‘एनबी’, म्हणजे गैरहजेरी, पडते. मग ‘अत्राबोत्का’, म्हणजे मॅडमच्या मागे मागे फिरून तो तास भरून द्यायचा. त्यात तिसऱ्या वर्षाला क्रोकची, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्यासाठीची तिथली सरकारी परीक्षा. युद्धापेक्षा आम्हाला एनबीची भीती जास्त, हे आता सांगतानाही लाज वाटते.

२२ ला सूचनेचा सूर बदलला: ऑनलाइनबाबत कॉलेजच्या उत्तराची वाट बघू नका, निघा. २३ ला पॅथॉलॉजीचा तास बुडवून मी तिकीट काढलं, २६ चं, कीव्हहून एअर इंडियाचं. २४ च्या पहाटे पाचला खिडक्या थडथडल्या. युक्रेनचं आकाश बंद झालं, कीव्हकडे निघालेलं आपलं विमान वाटेतूनच दिल्लीला परतलं. माझं तिकीट मोबाइलमध्येच राहिलं.

२६ ची सूचना उलटी होती: अधिकाऱ्यांशी बोलणं झाल्याशिवाय सीमेकडे जाऊ नका. तसंही खारकीव्हहून पश्चिमेची सीमा हजारभर किलोमीटर लांब. आम्ही तळघरात बसून राहिलो. मॅगी आधी शिजवून खायचो, मग कोरडीच.

२ मार्चच्या सूचनेत मात्र ‘विचार’ कुठेच नव्हता. खारकीव्ह ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर चालत जा, संध्याकाळी सहाच्या आत. गावांची नावं आणि अंतरंही दिलेली: पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाय १२, बेझ्ल्युदोव्का १६. आम्ही स्टेशनवर होतो, पिसोचिन धरलं. बारावीची मूळ मार्कशीट कॉलेजच्या ऑफिसात राहिली. पासपोर्ट मात्र दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून स्वेटरच्या आत ठेवला होता. माझ्या रूममेटने ट्रॉलीबॅग आणली होती. बर्फात चाकं फिरेनात, मग तिने ती रस्त्यातच उघडली, औषधं आणि चार्जर काढून घेतला, आणि चेन नीट लावून बॅग कडेला उभी करून ठेवली. परत न्यायला येणार असल्यासारखी.

पुढे बस, लव्हीव्ह, हंगेरीची सीमा, बुडापेस्टहून ऑपरेशन गंगाचं विमान.

मार्चमध्येच कॉलेजचे ऑनलाइन तास सुरू झाले. पहिल्याच दिवशी मॅडमनी हजेरीचा तक्ता पाठवला. माझ्या नावापुढे २३ फेब्रुवारीची एनबी होती, अत्राबोत्का बाकी.