७७ की ९? गळालेलं शून्य आणि दोन अक्षरांचं तुर्भे

चार अंकी अशा सगळ्या नऊ हजार संख्या तपासल्या आणि उत्तर आलं ७७. यायला हवं होतं ९.

रविवारी दुपारपासून या एका आकड्यामागे होते. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला लागून दीड महिना झाला. अंकांची बेरीज, उलटी संख्या, सम-विषम हे सगळं हातावर बसलंय, म्हणून गणिती कापरेकरांच्या ६१७४ कडे वळले. ज्यांनी अजून करून पाहिलं नाही त्यांच्यासाठी रीत सांगते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४.

द. रा. कापरेकर डहाणूचे, जन्म १९०५ चा. देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिकवत होते. आमच्यासाठी जिव्हाळ्याची गोष्ट ही की त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. मी कळव्याला राहते, रोज ठाण्याला गाडी बदलून तुर्भ्याला कामावर जाते, त्यामुळे पहिली चाचणी म्हणून १८५३ घातली, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल. ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पाच पायऱ्या. कागदावरही तेच आलं तेव्हा फार आनंद झाला. १००४ ला मात्र पुऱ्या सात लागतात, तीही जुळली.

मग १००० ते ९९९९ पर्यंत सगळ्यांवर लूप, म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करणारा भाग, फिरवला. ६१७४ ला न पोहोचणाऱ्या फक्त ९ असायला हव्यात, ११११ पासून ९९९९ पर्यंतच्या. माझ्याकडे ७७ जणी शून्यावर जाऊन बसल्या होत्या.

जास्तीच्या ६८ छापून पाहिल्या. १०००, १०११, १११२, ११२१, २२२३... तीन अंक सारखे आणि चौथा एकाने कमी किंवा जास्त. हा नमुना दिसला तेव्हा १००० हाताने सोडवली. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. आणि इथेच गाडी घसरत होती. ९९९ चे अंक कसेही मांडा, ९९९ च, म्हणून पुढची वजाबाकी शून्य. खरं तर ते ०९९९ आहे. चौथी जागा शून्याची आहे आणि ती धरावीच लागते: ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. दुरुस्ती एका ओळीची निघाली. संख्येची स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची ओळ, केली की झेडफिलने डावीकडे शून्यं भरून ती चार जागांची करून घ्यायची. पुन्हा चालवलं. ९.

ही एक ओळ मला महिनाभराच्या सरावाहून मोलाची वाटते. मराठीत आपण संख्या आणि अंक असे दोन वेगळे शब्द वापरतो, पण प्रोग्राम लिहिताना मी ते एकच धरत होते. ९९९ आणि ०९९९ संख्या म्हणून एकच आहेत, अंकांची ओळ म्हणून दोन. कापरेकरांची रीत अंकांच्या ओळीवर चालते, वजाबाकी संख्येवर, आणि प्रत्येक फेरीत आपण एकीकडून दुसरीकडे उडी मारतो. शून्य त्या उडीत गळतं. घरच्या फोन नंबरांची यादी केली होती त्यातला ०२२ का २२ झाला, तेही आत्ता कळलं. फोन नंबर ही संख्या नाहीच, ती अंकांची ओळ आहे. तिची बेरीज कोणी करत नाही.

उणे संख्यांचं थोडक्यात: अंकांची बेरीज करताना दहाने भागत जायचं आणि शून्य आलं की थांबायचं, असा लूप लिहिला असेल तर -१७ घालून बघा. पायथॉनचा पूर्णांक भागाकार खालच्या बाजूला जातो, म्हणून -१ भागिले १० चं उत्तर परत -१, आणि लूप संपतच नाही. आधी चिन्ह काढून टाका.

बुधवारी रात्री दुसरा धक्का. मोबाइलचा मराठी कीबोर्ड चालू राहिला होता आणि मी ६१७४ मराठी अंकांत टाइप केलं. त्याला इंट, म्हणजे मजकुराची संख्या करणारी आज्ञा, लावलं तर पायथॉनने निमूट सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर धरलं. देवनागरी अंक त्याला समजतात, मला हे माहीत नव्हतं आणि मनापासून आवडलं. पण अंकांच्या बेरजेचा माझा दुसरा प्रोग्राम, जो प्रत्येक चिन्हाचा क्रमांक ऑर्डने काढून त्यातून ४८ वजा करतो, त्याने १८ ऐवजी ९४५० सांगितलं.

४८ वजा करायची युक्ती सरावपुस्तिकांत सापडते. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, एकचा ४९, असं करत नऊचा ५७. देवनागरी अंक मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या चिन्हांच्या क्रमांकांच्या यादीत, २४०६ ते २४१५ वर बसलेत. म्हणजे दर अंकामागे २३५८ जास्तीचे, चार अंकांचे ९४३२, त्यात खरे १८ मिळवले की ९४५०. चूक इतकी काटेकोर होती की ती मांडून बघण्यातच मजा आली. आता मी ४८ वजा करत नाही. प्रत्येक चिन्हाला इंट लावते, दोन्ही लिप्या चालतात.

तिथून अक्षरांकडे वळणं आलंच. आमच्या मार्गावरची स्टेशनं घेतली आणि प्रत्येकाची लांबी छापली. ठाणे ४, ऐरोली ५, रबाळे ५, घणसोली ६, कोपरखैरणे ९, तुर्भे ६. लेक सातवीत आहे, ती शेजारी अभ्यासाला बसली होती. म्हणाली, “आई, तुर्भेत दोनच अक्षरं आहेत. तु आणि र्भे.”

तिचं बरोबर आहे. पायथॉनचंही चूक नाही, तो साठवलेली चिन्हं मोजतो: त, उकार, र, हलन्त, भ, मात्रा. शून्याचीच गोष्ट परत समोर आली. आपण वाचतो ती अक्षरं वेगळी, यंत्रात ठेवलेली चिन्हं वेगळी, आणि प्रश्न कोणत्याबद्दल आहे ते आधी ठरवायला हवं.

सगळ्यात स्पष्ट दिसतं ते उलटसुलट सारख्या शब्दांत. नमन, कडक, सरस हे शब्द साध्या प्रोग्रामलाही ओळखता येतात. नवजीवन घाला, तो नाही म्हणतो. चिन्हं उलटी केली की ईकार जला सोडून वच्या गळ्यात पडतो आणि ‘नवीजवन’ तयार होतं. ‘ती होडी जाडी होती’ हे आपण लहानपणापासून म्हणतो, सात अक्षरं, उलट वाचा सुलट वाचा. प्रोग्रामला पहिलं चिन्ह त दिसतं आणि शेवटचं ईकार, तिथेच तो नापास करतो.

म्हणून अक्षरं तोडणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहिलं. एकेक चिन्ह घ्यायचं. काना, मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल तर आधीच्या अक्षराला चिकटवायचं. आधीचं अक्षर हलन्तावर संपत असेल तर येणारं व्यंजनही त्यालाच जोडायचं. नाहीतर नवं अक्षर सुरू. आठ ओळी झाल्या. जोडाक्षरं शाळेत शिकलो तोच नियम आहे हा, फक्त यंत्राला सांगायचा. तुर्भे २, कल्याण ३, कोपरखैरणे ६. होडीचं वाक्य जागा काढून घातलं, पास झालं. मग लेकीने ‘रामाला भाला मारा’ घालायला लावलं. तेही पास.

‘दऱ्या’ने मात्र शुक्रवारची रात्र खाल्ली. एका ठिकाणाहून उचललेला शब्द २ अक्षरांचा, दुसरीकडून उचललेला ३ अक्षरांचा, दिसायला अगदी सारखे. चिन्हांचे क्रमांक छापले तेव्हा उलगडलं. एकात ऱ, २३५३ क्रमांकाचं, त्यानंतर हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मग ८२०५, जे डोळ्यांना दिसतच नाही. ते जोडणारं चिन्ह आहे, र चा डोक्यावरचा रफार नको, आडवी रेघ हवी, एवढं सांगायला तिथे ठेवलेलं. माझं फंक्शन शेवटचं चिन्ह हलन्त आहे का एवढंच बघत होतं आणि शेवटी ८२०५ उभं. आता ८२०५ आलं की चिकटवायचं, आणि शेवट तपासताना ते वगळायचं. दोन्ही दऱ्या २.

याच आठवड्यात डेम्लो संख्याही तपासल्या. कापरेकरांना त्यांची कल्पना डोंबिवली स्टेशनात सुचली, डेम्लो हे त्याच स्टेशनाचं तेव्हाचं नाव, अशी हकीकत आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, अशा या संख्या नऊ एकांपर्यंत सुरेख चढून उतरतात: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांना हातचा घुसतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, उलटसुलट सारखं राहत नाही. पायथॉनमध्ये मोठ्या पूर्णांकांना मर्यादेचा अडसर नाही, म्हणून हा सराव नवशिक्यांनी जरूर करावा.

राहिलंय ते क्रम लावणं. कल्याण, कळवा, कसारा ही तीन नावं सॉर्टला दिली की याच क्रमाने परत येतात, कारण युनिकोडमध्ये ल २३५४ आणि ळ लगेच २३५५. शाळेतल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर येतो, म्हणजे कसारा आधी आणि कळवा शेवटी. वर्णमालेची यादी हाताने लिहून प्रत्येक अक्षराला तिच्यातला क्रमांक द्यायचा विचार आहे. क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे तर ते तीन-तीन चिन्हांचे असल्याने अक्षरं तोडणारं फंक्शन आधी चालवावं लागेल. यादी अर्धी लिहून झाली आहे.