पुढचं ठाणं : बँकॉकचे अडीच दिवस

"सथानी तो पाय…" मेट्रोतल्या बाईंचा आवाज आला आणि आमचा कळवेकर झोपेतून ताडकन उठून दाराकडे निघाला. "ठाणे आलं?" त्याचं चुकलं नव्हतं. आयुष्यभर ठाण्यानंतर कळव्याला उतरणारा माणूस तो. थाई भाषेत स्टेशनला 'सथानी' म्हणतात. शब्द संस्कृतातला, आपल्या 'स्थाना'च्या घरचा. आणि शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक. म्हणजे चुलत भावंडंच झाली. त्यानंतर परत येईपर्यंत आम्ही प्रत्येक स्टेशनला 'पुढचं ठाणं' म्हणत होतो.

२०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. असं जुळून आल्यावर लोणावळ्याच्या गर्दीत कोण जाणार? आम्ही चौघं नेरूळच्या एकाच कॉलेजात शेवटच्या वर्षाला: मी कोपरीची, एक ऐरोलीकर, एक कळवेकर आणि एक खारघरवाली. घरच्यांचा विरोध पैशांवरून नव्हता. जुलैच्या शेवटी थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर तोफा चालल्या होत्या, २८ तारखेला युद्धविराम झाला होता, आणि आईने ते सगळं टीव्हीवर डोळ्यात तेल घालून पाहिलं होतं. नकाशा उघडून ती जागा बँकॉकपासून शेकडो किलोमीटर लांब आहे हे दाखवल्यावर ती नरमली. आत्याचं दुःख वेगळंच. "ठाण्यातली हंडी सोडून कुठे चाललात गं?"

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण पहिला फटका तिथेच बसला. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या साइटवर एकदा बघून घ्या. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. पूर्वी विमानात मिळणारा कागदी फॉर्म आता नसतो. मे २०२५ पासून पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं. पुन्हा लिहिते, फुकट. ऐरोलीकराने सर्चमध्ये सगळ्यात वर दिसलेली साइट उघडली, रंगरूप अगदी सरकारी, आणि डॉलरमध्ये पैसे भरून मोकळा झाला. खरी साइट थाई इमिग्रेशनची, पत्त्याच्या शेवटी 'जीओ डॉट टीएच' असतं. परतीचं तिकीट आणि हॉस्टेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. माणशी दहा हजार बाथ एवढे पैसे आहेत का हेही ते विचारू शकतात. आम्हाला कोणी विचारलं नाही, पण खारघरवालीने पाकीट हातातच धरून ठेवलं होतं. आणि कुणाच्या बॅगेत व्हेप असेल तर घरीच काढून ठेवा, तिथे त्याला बंदी आहे.

पैसे: तेव्हा एक बाथ साधारण पावणेतीन रुपयांना पडत होता. रुपये नेऊन तिथे बदलणं महागात जातं. डॉलरच्या शंभराच्या कोऱ्या नोटा न्या. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडल्या पडल्या दिसणाऱ्या काउंटरवर बदलू नका. तसंच खाली उतरत तळघरात, रेल्वेच्या दाराशी जा. तिथल्या छोट्या काउंटरवर भाव चांगला मिळतो. एटीएममधून काढाल तर दर वेळी दोनशेच्या वर बाथ नुसते शुल्काचे जातात, म्हणून काढायचेच तर चौघांचे एकदम काढा.

आता आमची घोडचूक. गुरुवारी रात्रीचं विमान, साडेचार तासांचा प्रवास, वर घड्याळ दीड तास पुढे. पहाटे उतरलो तेव्हा झोप झाली होती जेमतेम दोन तास. खोली मिळणार दुपारी दोनला. तर शहाण्यांनी काय केलं? बॅगा हॉस्टेलवर टाकल्या आणि थेट राजवाडा गाठला. सगळ्यात मोठी, सगळ्यात गर्दीची, सगळ्यात उन्हाची जागा, आणि तीही दोन तासांच्या झोपेवर. दोन-अडीच दिवसांच्या सहलीत पैसे पुरतात, झोप पुरत नाही. पहिली सकाळ नदीवर नाहीतर एखाद्या बागेत काढा आणि राजवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, दार उघडताना गाठा.

जायला मात्र सोपं आहे. विमानतळावरून रेल्वे थेट शहरात येते, शेवटपर्यंतचं तिकीट ४५ बाथ. मक्कासनला उतरून मेट्रोची निळी लाइन धरायची आणि सनाम चाय. या नावातला 'चाय' म्हणजे आपला 'जय', हे कळेपर्यंत कळवेकर चहाची टपरी शोधत होता. हे स्टेशन दरबारासारखं सजवलंय, खांबांवर नक्षी, छतावर सोनेरी कमळं. राजवाडा तिथून चालत.

आणि इथेच ते गृहस्थ भेटतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अतिशय गोड. "आज राजवाडा बंद आहे, प्रार्थना चालू आहे. दुपारी उघडेल. तोवर माझ्या ओळखीचा टुकटुक रिक्षावाला तुम्हाला वीस बाथमध्ये तीन देवळं दाखवेल." तीन देवळांच्या मध्ये एक रत्नांचं दुकान आणि एक शिंप्याचं दुकान येतं, हे आम्ही वाचून गेलो होतो. तरीही झोपेत असल्यामुळे ऐरोलीकर जवळजवळ चढला होता. खारघरवालीने त्याला शर्टाला धरून खाली ओढला. राजवाडा बंद आहे की नाही हे फक्त राजवाड्याच्या दारावर जाऊन ठरवायचं.

दारावर दुसरा प्रसंग. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि कळवेकर हाफ पँटमध्ये. समोरच्या फुटपाथवर हत्तींची छापील पायघोळ पँट मिळते. सकाळच्या अडलेल्या गिऱ्हाइकाला दोनशे बाथ, तीच रविवारी चतुचकच्या बाजारात शंभराला दिसली. त्याने जांभळी घेतली. पुढचे अडीच दिवस तो त्याच पँटमध्ये होता.

तिकीट ५०० बाथ. महाग वाटतं, पण भिंतींवरचं रामायण एकटं त्याच्या तोडीचं आहे. पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, १७८२ साली हे बांधायला घेतलं. मरकत बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवरीत १७८ चित्रांमध्ये 'रामकियन' रंगवलंय. रावण इथे तोत्सकान, म्हणजे दशकंठ. हनुमान पांढराशुभ्र, नखरेल आणि चक्क संसारी. रावणाच्या मत्स्यकन्येशी, सुवर्णमच्छेशी, त्याचं जुळतं. आमच्यात शनिवारी मारुतीला तेल घालणारा ऐरोलीकर ते चित्र बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे आजीला सांगायचं नाही." मरकत बुद्ध स्वतः फार मोठा नाही, ६६ सेंटिमीटर. त्याला वर्षात तीन पोशाख, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्याचे, आणि ते राजा बदलतो. आम्ही गेलो तेव्हा पावसाळी पोशाख होता.

वाट फो ('वाट' म्हणजे देऊळ) तिथून दहा मिनिटांवर, तिकीट ३०० बाथ. ४६ मीटर लांब बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेला. आम्हा चौघांनाही त्याचा निखालस हेवा वाटला. तळपायांवर शिंपल्यांच्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं जडवली आहेत, ती बघायला टोकापर्यंत चालत जा, बहुतेक लोक चेहऱ्याचा फोटो काढून मागे फिरतात. मूर्तीच्या पाठीमागे १०८ काशाची भांडी ओळीने आहेत. वाटीभर सुट्टी नाणी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक टाकत जायचं. टण्, टण्, टण्, पुढे-मागे चालणाऱ्या पन्नास माणसांचा तो आवाज सगळ्या दालनात भरून राहतो. माझी नाणी शहाण्णवाव्या भांड्याला संपली. मागच्या आजीबाईंनी न बोलता माझ्या वाटीत मूठभर ओतली.

आवारातच मालिशचं जुनं विद्यालय आहे. तिथे कळवेकर घोरला, आणि आम्ही त्याला ओळख दाखवली नाही.

शनिवारचा दिवस पाण्यावर काढला, आणि सहलीतला सगळ्यात चांगला दिवस तोच. चाओ फ्राया नदीत नारिंगी झेंड्याची बोट धरा, कुठूनही कुठेही १६ बाथ. पर्यटकांसाठी निळ्या झेंड्याची वेगळी बोट आहे, तीच नदी जास्त पैशांत दाखवते. धक्क्यावरची तिकीटवाली निळ्याकडेच वळवते, तुम्ही मान हलवून 'सोम', म्हणजे नारिंगी, म्हणा. बोटीत कंडक्टर बाई पत्र्याचं लांबुळकं नळकांडं खुळखुळवत येते. त्यातच नाणी, त्यातच तिकिटं, आणि त्याच झाकणाने ती तिकीट फाडते. ता तियनच्या धक्क्यावरून समोर वाट अरुणला जायला तर पाच बाथची होडी. अरुण म्हणजे आपला अरुणच. मनोऱ्यावर चिनी मातीच्या बशांचे तुकडे लावून फुलं केली आहेत, जवळ गेलं की कुणाच्या तरी घरातल्या कपाची किनार ओळखू येते. तिकीट २०० बाथ. पायऱ्या फार उभ्या आहेत, उतरताना सरळ मागे तोंड करून उतरा, लाज बाळगू नका.

दुपारी सान सेप कालव्यातली बोट. ही पर्यटकांची नाही, ऑफिसला जाणाऱ्यांची, आपल्या लोकलच्या स्वभावाची. थांबते न थांबते, तुम्ही चढायचं. पाणी काळं, आणि वास ओळखीचा. कळव्याच्या पुलावर भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी येतो ना, तोच. दोन्ही बाजूंना निळी ताडपत्री असते आणि ती दोरीने वर-खाली होते. दोरी काठाला बसलेल्याच्या हातात. समोरून दुसरी बोट आली की ओढायची. खारघरवालीला हे कुणी सांगितलं नव्हतं. एक लाट आत आली, अख्ख्या बाकाने तिच्याकडे बघितलं, आणि पुढचा तासभर तिने दोरी सोडली नाही. शेवटचा थांबा पानफा. तिथून सोनेरी टेकडीचं देऊळ जवळ आहे, तीनशेच्या वर पायऱ्या, पण वळणावळणाच्या आणि सावलीतल्या. वरून पाऊस येताना दिसतो. पाच मिनिटं आधी. आम्ही घंटा वाजवत तिथेच अडकलो.

शाकाहारींसाठी, म्हणजे माझ्यासाठी: पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात '17' सारखं काहीतरी दिसलं की आत शिरा. तो आकडा नाही, 'जे' हा थाई शब्द आहे, कडक शाकाहार, कांदा-लसूणसुद्धा नाही. इतर ठिकाणी नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीतही माशाचं पाणी पडतं. 'माय साय नाम प्ला' एवढं पाठ करा: माशाचं पाणी घालू नका. आईने दिलेले तीस थेपले दुसऱ्या रात्रीच संपले. शेजारच्या खाटेवरच्या कोरियन मुलाने त्यातले सहा खाल्ले.

शनिवारी रात्री याओवारात, म्हणजे तिथल्या चायनाटाउनमध्ये, प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून आंबा-चिकट भात खात होतो. फोनवर ठाण्याची हंडी. दहा थर लागले त्या दिवशी. ऐरोलीकराने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता, वरचा गोविंदा उभा राहिला तेव्हा आम्ही चौघं ओरडलो, आणि शेजारच्या टेबलावरच्या थाई कुटुंबाने खुर्च्या आमच्याकडे ओढल्या. त्यांना समजावता समजावता आमचे हातच थर लावत होते. त्यातल्या आजोबांनी विचारलं, खाली जाळी असते का? आम्ही एकमेकांकडे बघितलं.

खाओ सान रोडला एक चक्कर मारली. नाही मारली तरी चालेल.

रविवारी चतुचक. पंधरा हजारांच्या आसपास दुकानं आहेत म्हणतात, तेव्हा 'सगळं बघू' हा विचार सोडा. मेट्रोने काम्फेंग फेतला उतरा, जिना चढला की थेट बाजारातच. सकाळी दहाच्या आत जा, मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याशी भेटायचं ठरवा आणि आवडलेली वस्तू लगेच घ्या, ते दुकान पुन्हा सापडत नाही. करवंटीतलं नारळाचं आइसक्रीम खाताना मात्र बसून खा.

माझा हिशोब: विमान एकवीस हजार रुपये (लाँग वीकेंड, दोन महिने आधी काढून), आणि तिथे सुमारे ५,४०० बाथ. डॉर्ममध्ये दोन रात्री, तीन मोठी तिकिटं, मालिश, खाणं आणि चतुचकचा मोह सगळं त्यात. एकाने खर्च करायचा आणि तिथल्या तिथे ॲपवर टाकायचा. आमचं एकच भांडण झालं, तेही ४५ बाथच्या पाण्याच्या बाटल्यांवरून, आणि झोप न झाल्यामुळे.

परतताना विमानतळावर तीन तास आधी जा, पासपोर्टची रांग मोठी असते. तिथे एका भिंतीवर शहराचं पूर्ण नाव शोधत बसलो होतो, खारघरवालीने ते फोनवर काढून मोठ्याने वाचलं: क्रुंगदेव महानगर अमररत्नकोसिन्द्र महिन्द्रायुध्या… अवतारस्थित, शक्रदत्तिय, विष्णुकर्मप्रसिद्धि. समोरच्या थाई मुलीने ते ऐकलं आणि पुढे चालीत म्हणून दाखवलं. तिथल्या मुलांना ते गाण्यासारखं पाठ असतं.

सोमवारी, १८ तारखेला पहाटे मुंबईत उतरलो तो पाऊस धो धो. टॅक्सीने ठाणे गाठेपर्यंत उजाडलं. मंगळवारी पावसामुळे कॉलेजला सुट्टी पडली आणि मी चौदा तास झोपले. कळवेकराची जांभळी पँट आठवडाभर गॅलरीत दोरीवर होती. वाळेना.