बाबागाडीची वाट

रविवार, रात्री

आज लेकीला घेऊन दादरला मावशीकडे जाऊन आले. नऊ महिन्यांची झाल्यापासून ती कडेवर फार वेळ टिकत नाही आणि मावशीचे घर स्टेशनापासून बरेच चालत जावे लागते, म्हणून बाबागाडी न्यायचीच असे ठरवले होते. सासूबाईंना ते पटले नव्हते. लोकलमधून बाबागाडी नेणारी बाई त्यांनी आजवर पाहिलेली नाही, आणि खरे सांगायचे तर मीही फारशा पाहिलेल्या नाहीत. रस्त्यांवर, बागांमध्ये, मॉलमध्ये इतक्या बाबागाड्या दिसत असताना फलाटावर त्या का दिसत नाहीत, याचे उत्तर मात्र आता माझ्या मनगटांना ठाऊक झाले आहे.

स्टेशनात लिफ्टच नाही, ही तक्रार आता जुनी झाली. मोठ्या स्टेशनांत लिफ्टही आल्या आणि सरकते जिनेही आले. अडचण पुढची आहे. मुलुंड आणि कुर्ल्याच्या मधल्या आमच्या स्टेशनात लिफ्ट फलाटावरून पुलावर नेऊन सोडते, पण पुलावरून रस्त्यावर उतरायला जिनाच आहे, आणि जिन्याच्या तळाशी दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब इतके जवळजवळ रोवले आहेत की बाबागाडी तिरकी उचलूनच पलीकडे न्यावी लागते. लिफ्ट बसवणाऱ्याने फलाटाचा विचार केला, खांब रोवणाऱ्याने दुचाकींचा केला. घराच्या दारापासून डब्याच्या दारापर्यंतची वाट कोणी एकाने सलग चालून पाहिली असेल, असे वाटत नाही. माझ्याजवळ निदान लेकीला कडेवर घेऊन गाडी मिटण्याचा पर्याय आहे, व्हीलचेअरवरच्या माणसाला तोही नाही. सरकत्या जिन्याचा तर विचारच करू नये, कारण पायरी सपाट होताना चाक अडकले की मागची माणसे अंगावर येतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो फक्त वर जातो.

बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. लिफ्ट फलाटाच्या एका टोकाशी आणि आपला बायकांचा डबा दुसऱ्या टोकाशी असेल, तर ते सगळे अंतर खांब, स्टॉल, बाकडी आणि झोपलेली कुत्री चुकवत कापावे लागते. म्हणून मी आता निघण्यापूर्वी उतरण्याच्या स्टेशनातली लिफ्ट कल्याणच्या बाजूला आहे की मुंबईच्या, हे आधी विचारून घेते आणि त्यावरून डबा ठरवते. फलाटाची रुंदी किती मोलाची असते हेही चाकांमुळे कळते. ठाण्याचा 5 क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी 2024 मध्ये 63 तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा सगळ्यांनी बोटे मोडली होती, पण आज तेथून बाबागाडी नेताना कोणाच्या पायावर चाक जाण्याची भीती कमी वाटते.

रविवारचा मेगाब्लॉक ही आणखी वेगळी परीक्षा असते. माटुंगा ते मुलुंडदरम्यान ब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, म्हणजे नेहमीच्या फलाटावर येऊन ठाकल्यावर घोषणा होते आणि सगळी गर्दी पुलाकडे धावते. एकट्या माणसाचा त्यात दोन मिनिटांचा खेळ होतो. आज लिफ्टसमोरच्या रांगेत दोन आजोबा आणि एक गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाई उभ्या होत्या, त्यांना ओलांडून पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे डोळ्यांदेखत गाडी सोडली.

डब्यात चढणे हा मात्र माझ्या एकटीचा उद्योग राहिलेलाच नाही. दारात मधोमध दांडा, खाली फलाट आणि पायदान यांच्यातली फट, आणि गाडी थांबणार जेमतेम अर्धा मिनिट. या फटीचे भय मुंबईकराला सांगावे लागत नाही. 2014 मध्ये घाटकोपरला एका कॉलेजच्या मुलीने तीत पडून दोन्ही हात गमावले, त्यानंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला. तरीही उघड्या बाबागाडीसह चढणे मला अजून धाडसाचे वाटते. आज गाडी येताना दिसली तशी शेजारची भाजीची टोपली घेतलेली मावशी म्हणाली, “बाळ माझ्याकडे दे, तू गाडी मिट.” ओळख ना पाळख, पण बायकांच्या डब्यात मूल असे हातोहात आत जाते आणि खिडकीजवळच्या मांडीवर स्थिरावते, आणि मिटलेली बाबागाडी कोणीतरी सीटखाली सारते. व्यवस्थेने सोडलेली फट बायकांनी आपल्या हातांनी बुजवली, म्हणून व्यवस्थेला मोकळे सोडावे हे मला पटत नाही. पण त्या हातांशिवाय आज मी दादरला पोचले नसते, हेही खरे.

दादरला 2023 च्या डिसेंबरपासून फलाटांचे आकडे सलग झाले आहेत, पश्चिमेचे 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14. पूर्वी दोन्हीकडे ‘एक नंबर’ होता आणि मावशीने फोनवर सांगितलेला एक नंबर कोणता, यावर एखादा पूल फुकट चढावा लागे. बाबागाडीवाल्यांच्या दृष्टीने हा आकड्यांचा बदल एका नव्या लिफ्टइतका कामाचा आहे.

गेल्या महिन्यात अंधेरीला जाताना घाटकोपरहून मेट्रो घेतली होती. तेथे रुंद फाटकातून गाडी सरळ आत गेली, फलाट आणि डबा एका पातळीत असल्यामुळे चाक उचलावेही लागले नाही आणि लेक झोपली होती ती झोपलेलीच राहिली. मरोळ नाक्याला आता भुयारी मेट्रो 3 मिळते आणि ती दादरलाही जाते. घाटकोपर, मरोळ नाका, दादर असा वळसा लांबचा आणि महागही पडेल. पुढच्या रविवारी मावशीकडे बारसे आहे, तेव्हा मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून मी तो वळसा घेणार आहे. घरापासून घाटकोपरपर्यंत रिक्षा करावी लागेल, असे यांना जेवतानाच सांगून ठेवले आहे.