समुद्रतळाची पैसेवारी

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला येऊन चार वर्षे होत आली, तरी माझे काम नेमके काय आहे हे मला गावी नीट सांगता येत नव्हते. वडील तलाठी म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे गेल्या दिवाळीत फोनवर त्यांच्याच भाषेत सांगून पाहिले, "बाबा, इथे प्रवाळाची नजर अंदाज पैसेवारी काढतात," आणि त्यांना ते लगेच उमगले; उभ्या पिकाकडे पाहून उत्पन्नाचा सरकारी अंदाज बांधायचा, ती पैसेवारी, म्हणजेच जुनी आणेवारी.

ग्रेट बॅरिअर रीफ म्हणजे सुमारे 2,300 किलोमीटर पसरलेली, जवळपास 3,000 लहानमोठ्या प्रवाळभित्तींची रांग. त्यांतल्या कित्येक किनाऱ्यापासून फार दूर असल्याने थोड्या वेळात पुष्कळ अंतर पाहून होईल अशी पद्धत लागते. 'मँटा टो' ही ती पद्धत. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स ही येथील संस्था 1980च्या दशकापासून ती वापरत आली आहे. छोट्या बोटीमागे 17 मीटरचा दोर, त्याच्या टोकाला फळी, आणि ती धरून, तोंडात श्वास घेण्याची नळी धरून पालथा तरंगणारा निरीक्षक, एवढाच तिचा सरंजाम. बोट ताशी साधारण 4 किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, भित्तीच्या कडेकडेने जाते आणि दर दोन मिनिटांनी थांबते. दोर सैल पडला की निरीक्षक फळीवरच्या न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने जिवंत प्रवाळाचा अंदाज आणि दिसलेल्या, प्रवाळ खाणाऱ्या काटेरी ताऱ्यामाशांची संख्या लिहितो. नेमकी टक्केवारी लिहायची नसते, गट लिहायचा असतो: 10 टक्क्यांपर्यंत असेल तर 1, 11 ते 30 असेल तर 2, अशी चढण 5 पर्यंत.

नजर अंदाजानंतर पीक कापणी प्रयोग, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, हवीच. त्यासाठी काही भित्तींवर लोखंडी सळया ठोकून 50 मीटरच्या कायमच्या रेषा आखलेल्या आहेत. पहिला पाणबुडा मासे मोजत पुढे जातो आणि टेप उलगडणारा त्याच्या मागून येतो, कारण टेपची गडबड आधी झाली तर मासे बुजतात. मोठ्या माशांसाठी 5 मीटर रुंदीचा पट्टा धरतात, चिमुकल्या डॅम्सेल माशांसाठी फक्त 1 मीटरचा. मग तळाची छायाचित्रे काढली जातात, आणि माझे काम तिथून सुरू होते. प्रत्येक चित्रावर पाच बिंदू पडतात व प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते ठरवायचे असते. बिंदू नेमका प्रवाळ आणि शेवाळ यांच्या सीमेवर पडला की बांधाच्या भांडणाची आठवण येते. आता संगणकही हे वाचू लागला आहे, तरी अशा जागी मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

फळीवरच्या नजरेची मर्यादा मात्र उघड आहे. काटेरी तारेमासे दिवसा कपारीत दडतात आणि त्यांची पिल्ले तर दिसतच नाहीत, म्हणून खाऊन पांढऱ्या पडलेल्या ताज्या डागांवरून त्यांचा माग काढावा लागतो. अलीकडे समुद्राचे पाणी गाळून त्यात उतरलेला त्यांचा डीएनए शोधतात. तो प्राणी जवळपास आहे एवढे त्यातून कळते, पण कोणत्या कपारीत आहे ते कळत नाही.

सगळे ऐकून घेतल्यावर बाबांनी एकच विचारले, "आमची आणेवारी तपासायला वर सर्कल ऑफिसर असायचा. तुमच्यावर कोण?"

मी म्हटले, "दोन निरीक्षकांना शेजारीशेजारी ओढून एकच पट्टा बघायला लावतात आणि कागद ताडून पाहतात."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.