आमची वाटचाल : गॅसच्या आधी बर्फ बघा

कोकण किनारपट्टीवर घरगुती फ्रिजची दुरुस्ती हे आमचं काम. सुरुवातीची वर्षं एका दाराच्या, डायरेक्ट कूल फ्रिजची. बर्फ साठला की थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबायचं, बर्फ वितळला की ते आपोआप बाहेर येतं. दोन दारांचे फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारे फ्रिज घरोघरी आले आणि तक्रारीचा सूर बदलला : ‘वर बर्फ होतोय, पण खाली दूध नासतंय.’ ही एक तक्रार नीट सोडवायला शिकलो, त्यातून आमच्या कामाची पद्धत घडली.

या तक्रारीवर तेव्हा सर्रास एकच उत्तर दिलं जाई, ‘गॅस गेलाय.’ आमच्याकडूनही ही चूक झाली. ती लवकर पकडली जात नाही, याचं कारण असं : गॅस भरायचा म्हणजे फ्रिज कित्येक तास बंद. तेवढ्यात फ्रीझरच्या पॅनलमागच्या, थंडावा देणाऱ्या कॉइलवरचा बर्फ वितळून जातो. पुढचे आठ-दहा दिवस फ्रिज झकास चालतो, गिऱ्हाईक खूश, आणि मग पुन्हा खालचा कप्पा गरम. गुण आलेला असतो बर्फ वितळल्याचा, श्रेय जातं गॅसला आणि पैसे जातात घरच्यांचे. म्हणून आमच्याकडे नियम झाला, फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनल काढून बर्फ बघितल्याशिवाय गॅसच्या पाइपला हात लावायचा नाही.

बर्फ सगळं सांगतो. कॉइल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या बर्फाने गच्च भरलेली, पत्र्यांमधून हवा जायला फटही नाही, तर गॅस ठीक आहे आणि डीफ्रॉस्ट, म्हणजे ठरावीक वेळाने हीटरने बर्फ वितळवणं, होत नाही. गॅस आत शिरतो तिथल्या पहिल्या एक-दोन वळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, तर गॅस कमी आहे. कॉइलवर नुसता पातळ, सारखा थर आणि तरी खाली थंडावा नाही, तर पंखा किंवा डँपर, म्हणजे खाली थंड हवा सोडणारी झडप, तपासायची. भरलेला बर्फ स्क्रूड्रायव्हरने कधीही खरवडू नये. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोक लागलं की भोक पडतं आणि शंभराचं काम हजारांत जातं. कोमट पाणी ओतावं, थोडा धीर धरावा.

बर्फ गच्च असला की प्लग काढून हीटरला मल्टिमीटर लावायचा. रोधाचं गणित साधं आहे : व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १५० वॅटचा हीटर सुमारे ३५० ओहम दाखवतो, १२० वॅटचा सुमारे ४४०. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटरची तार तुटली. काचेच्या नळीचा हीटर असेल तर नळी काळवंडलेली किंवा तडकलेली दिसते. अनेकदा हीटरवरची ॲल्युमिनियमची पट्टी सरकलेली असते आणि वितळलेलं पाणी थेट तापलेल्या काचेवर पडतं. नवा हीटर बसवताना ती पट्टी जागेवर आली नाही, तर तोही तडकणार. काचेला उघड्या बोटांनी धरू नये, कापडाने धरावं.

हीटर चांगला निघाला तर फ्यूज आणि बायमेटल, म्हणजे बर्फ वितळला की हीटर बंद करणारा तापमानाचा स्विच, तपासायचे. थर्मल फ्यूज साधारण ७० ते ७७ अंशांना कायमचा उडतो. तो उडाला म्हणजे बरेचदा बायमेटल चिकटून राहिलं आणि हीटर वेळेत बंद झाला नाही, तेव्हा दोन्ही बदलायचे. फ्यूज काढून तार थेट जोडलेले फ्रिज आमच्याकडे येतात तेव्हा खरंच काळजी वाटते. आतला प्लास्टिकचा डबा वितळतो, आणि हल्लीचा आर-६००ए गॅस ज्वलनशील आहे. त्याच कारणाने मूळ हीटर दुहेरी काचेचा असेल तर बदलीही दुहेरीच घ्यावी.

बायमेटलवर नवशिके हमखास फसतात. खोलीच्या तापमानाला ते उघडंच दाखवतं, ते खराब नव्हे. ते शून्याखाली काही अंश गेल्यावर जुळतं आणि साधारण १० ते १३ अंशांवर सुटतं. नुसता बर्फ शून्यावर राहतो, तो पुरत नाही. वाटीत तीन भाग बर्फाचा चुरा, एक भाग मीठ घ्यायचं, बायमेटल पिशवीत गुंडाळून दहा मिनिटं त्यात ठेवायचं. बारीक ‘टक्’ ऐकू येतो आणि मीटर शून्याजवळ येतो.

टायमरच्या, म्हणजे घड्याळासारख्या मोटरने डीफ्रॉस्ट सुरू करणाऱ्या फ्रिजमध्ये आणखी एक चकवा आहे. बऱ्याच मॉडेलांत टायमरच्या मोटरला न्यूट्रल मिळतो तो हीटर आणि फ्यूजमधून. हीटर तुटला की टायमरही जागीच थांबतो, काँप्रेसर अखंड चालत राहतो आणि दोष टायमरवर येतो. नवा टायमर घातला तरी तो फिरत नाही. म्हणून आधी हीटर मोजायचा, मग टायमर.

पीसीबीवाले, म्हणजे टायमरऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेले फ्रिज आल्यावर काम उलट सोपं झालं. बोर्डावरचा कनेक्टर काढून हीटर आणि न्यूट्रलच्या तारांमध्ये मोजलं की हीटर आणि फ्यूज दोन्ही एका झटक्यात कळतात. ते ठीक असतील तर कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बर्फाच्या पाण्यात धरून कंपनीच्या तक्त्याशी ताडायचा. सेन्सर थंडीतही गरम दाखवत असेल, तर बोर्ड डीफ्रॉस्ट लगेच आटोपतो. बोर्ड बदलायचा विचार सगळ्यांत शेवटी.

आपल्याकडची दमट, खारी हवा या सगळ्याला भर घालते. दाराचं रबर सैल असेल तर पावसाळ्यात चांगला हीटरही पुरा पडत नाही. हीटरच्या प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर नुसत्या घासून भागत नाही, प्लगच बदलतो.

दुरुस्तीनंतर पॅनल लावायच्या आधी निचऱ्याच्या भोकात पेलाभर कोमट पाणी ओततो आणि ते मागच्या ट्रेमध्ये उतरलं का बघतो. मग फ्रिज थंड होऊ देऊन मुद्दाम डीफ्रॉस्टवर टाकतो. काँप्रेसर बंद, तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर १५० वॅटला साधारण ०.६५ अँपिअर, आणि बायमेटल सुटलं की शून्य. हे आकडे कामाच्या पावतीवर लिहून एक प्रत गिऱ्हाइकाकडे देतो. पुढे दुसऱ्या कुणी फ्रिज उघडला तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं.