तुम्ही विचारलंत म्हणून : ते गाणं आम्ही का बसवत नाही

ऑक्टोबर लागला की हा प्रश्न येतो. इंग्लंडातल्या एका लहान गावात मी हौशी क्वायर चालवते. निम्मे मराठी, बाकीचे गुजराती, इंग्रज, एक पोलिश जोडपं आणि अदिस अबाबाची एक बाई. डिसेंबरात आमचा कार्यक्रम होतो. तिकीट नसतं, दाराशी डबा असतो आणि डब्यात जमेल ते एखाद्या मदतसंस्थेला जातं. मग लोक विचारतात, “अहो, पैसे दुष्काळग्रस्तांसाठीच गोळा करता, तर ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ का नाही म्हणत? सगळ्यांना पाठ आहे, बसवायलाही सोपं.” नवीन आलेले विचारतात, जुनेही विचारतात, आणि पुण्याचा माझा आतेभाऊ तर फोनवर थेट म्हणतो, “तुझा काय आकस आहे गं त्या गाण्यावर?”

आकस नाही. १९८४ ला इथिओपियाच्या दुष्काळासाठी पॉप गायकांनी मिळून ते गायलं, आणि पुढे चारदा ते परत काढलं गेलं. पहिल्या खेपेचं गाणं मला आवडतंसुद्धा. माझं भांडण आहे ते नंतरच्या खेपांशी.

पहिली खेप आठवा. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीच्या बातम्यांत मायकेल बर्कचा इथिओपियातल्या कोरेमहून आलेला वृत्तांत दाखवला गेला. पहाटेची थंडी, उघड्या माळावर घोंगड्या लपेटून बसलेली हजारो माणसं, आणि रात्रीत गेलेल्यांना शेजारी ओळीनं ठेवलेलं. आवाज बर्कचा, पण ती दृश्यं टिपली मोहम्मद अमीननं. हा नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा कॅमेरामन. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

बॉब गेल्डॉफनं ते घरी टीव्हीवर पाहिलं. हा आयरिश गायक. तेव्हा त्याच्या बूमटाउन रॅट्स या बँडचे दिवस भरत आले होते, म्हणजे नाव होतं पण रेकॉर्डी खपत नव्हत्या. त्यानं अल्ट्राव्हॉक्स बँडच्या मिज युअरला गाठलं, दोघांनी मिळून गाणं रचलं आणि गेल्डॉफनं दिसेल त्याला फोन लावले. संगीत-निर्माता ट्रेव्हर हॉर्ननं लंडनच्या नॉटिंग हिलमधला आपला सार्म वेस्ट स्टुडिओ चोवीस तासांसाठी फुकट दिला. २५ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी गायक येऊ लागले. आदल्या रात्रीचे जागे, कुणी विंचरलेलं नाही, एकमेकांचे हाडवैरी समजले जाणारे बँडवाले एका खोलीत. बॉय जॉर्ज न्यूयॉर्कला झोपला होता. त्याला उठवून काँकॉर्डनं आणवलं आणि संध्याकाळी त्यानं आपली ओळ गायली. ड्रम फिल कॉलिन्सचे. आठवड्याभरात ‘बँड एड’ या नावानं रेकॉर्ड दुकानात. पाच आठवडे ती पहिल्या नंबरावर राहिली आणि ब्रिटनमध्ये तिच्या तीसेक लाख प्रती खपल्या. थॅचरबाईंचं सरकार व्हॅट सोडायला तयार नव्हतं. गेल्डॉफनं एवढी बोंब मारली, की शेवटी तेवढी रक्कम सरकारनं मदतीत परत केली.

गाणं म्हणून विचाराल तर रचना चतुर आहे. सुरुवातीला ढोलाचे जड ठोके आणि घंटा, एकेका गायकाला जेमतेम एकेक ओळ, आणि ज्याला आपण ध्रुवपद म्हणू ते थेट शेवटी. तिथवर पोचेपर्यंत ऐकणाऱ्याला वाटायला लागतं, की आता आपणही गायलं पाहिजे. शेवटच्या त्या चार-सहा मापांत कुणालाही सूर सापडतो. बेसूर माणसांच्या क्वायरला याहून सोयीचं काही नाही, हे मी अनुभवानं सांगते. गेल्डॉफ स्वतः मात्र पुढे म्हणाला, की जगातली सर्वांत वाईट दोन गाणी माझ्यामुळे झाली. दुसरं म्हणजे ‘वी आर द वर्ल्ड’. मला वाटतं तो स्वतःवर जरा जास्तच कडक झाला.

अडचण शब्दांची आहे. नाताळ आला हे त्यांना ठाऊक तरी आहे का, असं गाणं विचारतं. कुणाबद्दल विचारतं? इथिओपियाबद्दल. तिथल्या प्राचीन अक्सूम राज्याचा राजा एझाना ख्रिस्ती झाला चौथ्या शतकात. इंग्लंडात धर्मप्रसाराला आलेला सेंट ऑगस्टीन कँटरबरीला पोचला ५९७ साली. म्हणजे इंग्लंडला नाताळ कळला त्याच्या अडीचशे वर्षं आधी हे लोक तो साजरा करत होते. लालिबेलाला अखंड खडकात कोरलेली अकरा चर्च आहेत आणि गन्नाला, म्हणजे त्यांच्या नाताळाला, तिथे यात्रा भरते. फक्त तो ७ जानेवारीला असतो. पुढे गाणं म्हणतं, की तिथे काही उगवत नाही, पाऊस नाही, नद्या नाहीत. निळी नाईल निघते ती त्याच देशातल्या ताना सरोवरातून, आणि कॉफीचं झाड मूळचं तिथलंच.

हे चिमटे काढणं सोपं आहे आणि गेली चाळीस वर्षं लोक ते काढतायत. मला जे खुपतं ते थोडं निराळं आहे. पाऊस नाही म्हणून माणसं मेली, ही गोष्टच अर्धी आहे. १९८४ ला पाऊस गेला होता, खरं. पण उत्तरेकडच्या तिग्रे आणि वोलो प्रांतांत त्याच वेळी मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीचं बंडखोरांशी युद्ध चालू होतं. बाजार बंद पाडले जात होते, पिकं जाळली जात होती, आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या मुलखात धान्य जाऊ नये अशी व्यवस्था होती. सप्टेंबरात, म्हणजे बर्कच्या बातमीच्या महिनाभर आधी, अदिस अबाबात बादशहाला हटवणाऱ्या क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात झाला. नंतर दुष्काळग्रस्तांना सक्तीनं नैर्ऋत्येकडे हलवायला सुरुवात झाली. त्यावर उघड बोलल्याबद्दल ‘मेदसाँ साँ फ्राँतियेर’ या मदतसंस्थेच्या फ्रेंच डॉक्टरांना १९८५ च्या डिसेंबरात देशाबाहेर काढलं. गाण्यात यातलं काहीच नाही. तिथे फक्त ऊन आहे आणि देवाची अवकृपा.

आपल्याला हे निदान समजायला हवं. माझी आई नगर जिल्ह्यातली. ७२ चा दुष्काळ तिनं काढलाय, खडी फोडायला गेली आहे, सुकडी खाल्ली आहे, आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं नाव काढलं की अजून तिचं तोंड वाकडं होतं. त्याच सुमाराला वोलोतही दुष्काळ होता. तिथे हजारोंनी माणसं मेली. बादशहा हैले सेलासीच्या सरकारनं ती झाकून ठेवली, आणि १९७४ ला बादशहा गेला. अमर्त्य सेन यांनी वोलोचा अभ्यास करून दाखवलं, की त्या प्रांतातून धान्य बाहेरसुद्धा जात होतं. माणसांच्या हातात पैसा नव्हता. इकडे महाराष्ट्रात, पिकं तशीच करपलेली असताना, मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, गुरं गेली, गावं रिकामी झाली. पण वोलोसारखी प्रेतं पडली नाहीत. कारण मजुरी मिळत होती, वर्तमानपत्रं ओरडत होती, विरोधक मोर्चे काढत होते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे महाराष्ट्राचा हा दाखला जगापुढे मांडला. रोजगार हमीचा कायदा त्या दुष्काळी कामांतूनच आला.

आता कल्पना करा, की ७३ साली अमेरिकेत कुणी त्या मिलोवर गाणं केलं असतं. त्यात भीमा-गोदावरी नसत्याच, आणि दिवाळी आली हे या बिचाऱ्यांना कळतं तरी का, असं ध्रुवपद असतं. आईनं मिलो घेतला असता. गाणाऱ्याला मात्र शिव्या घातल्या असत्या.

तरीही १९८४ चं गाणं मी सोडून देते. महिन्याभरात उभं केलेलं काम आहे ते. लोक मरत असताना शब्द घासत बसायला वेळ नव्हता, आणि जमलेल्या पैशातून धान्य, ट्रक, औषधं गेली. घाईला एवढी सूट द्यायलाच हवी. पण पुन्हा रेकॉर्ड करताना घाई कुठे होती?

१९८९ ला स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या हिट गाण्यांच्या कारखानदारांनी कायली मिनोग वगैरेंना घेऊन ते परत काढलं. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, ऐकलं नाहीत तरी चालेल. २००४ ला निमित्त सुदानच्या दार्फुरचं. डिझी रास्कलनं त्यात रॅप घातला, आणि आज त्यांच्यावर पाळी आली, तुमच्यावर नाही याबद्दल देवाचे आभार माना, ही मूळ गाण्यातली कुप्रसिद्ध ओळ गायला ‘यू२’ बँडचा बोनो पुन्हा हजर. २०१४ ला इबोला. २०२४ ला ट्रेव्हर हॉर्ननं जुने आवाज एकत्र कालवले. तरुण जॉर्ज मायकेलशेजारी हॅरी स्टाइल्स, तरुण बोनोशेजारी म्हातारा बोनो.

साल नीट बघा. वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. सोमालियात संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला २०११ ला. अडीच लाखांवर माणसं गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची. तेव्हा गाणं निघालं नाही. २०१७ ला दक्षिण सुदानमध्ये दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही नाही. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रेमध्येच पुन्हा युद्ध पेटलं, रस्ते बंद, फोन बंद, बँका बंद, मदतीचे ट्रक अडवलेले. नेमकी तीच भूमी, तोच प्रकार, दोन वर्षं. स्टुडिओत कुणी गेलं नाही. मग शांतता करार होऊन दोन वर्षं झाल्यावर चाळिसावा वाढदिवस आला आणि गाणं परत बाजारात. २०१४ ला संयुक्त राष्ट्रांकडूनच विचारणा झाली होती, असं गेल्डॉफ सांगतो, आणि ते खरं धरलं तरी बाकीचा हिशेब जुळत नाही. हे गाणं हळूहळू स्वतःची जयंती साजरी करायला लागलं.

२०१४ ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण त्या वेळी शब्द खरोखर बदलले. बोनोची ती ओळ काढली. पण तिच्या आसपास काय आलं? प्रेमाचं चुंबन जिथे जीव घेतं आणि प्रत्येक अश्रूत जिथे मरण आहे, अशा अर्थाच्या ओळी. इबोला शरीरातल्या द्रवांतून पसरतो, तेव्हा शास्त्र म्हणून चूक नाही. पण लायबेरियातल्या माणसानं रेडिओवर हे ऐकून करायचं काय? घानाचं मूळ असलेला लंडनचा गायक फ्यूज ओडीजी याला बोलावणं गेलं होतं. त्यानं शब्द वाचले आणि नाही म्हणाला. का नाही म्हणालो तेही त्यानं लिहून सांगितलं. दहा वर्षांनी, २०२४ च्या मिश्रणात आपला आवाज न विचारता घेतला, विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, असं एड शीरननं जाहीर केलं ते फ्यूज ओडीजीचंच म्हणणं पुढे करून.

त्याच २०१४ मध्ये सालिफ केता, उमू सांगारे, तिकेन जाह फाकोली, आमादू आणि मरियम यांनी मिळून इबोलावर एक गाणं केलं, फ्रेंचमध्ये आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांत. त्यात काय आहे? डॉक्टरांवर विश्वास ठेवा, आजाऱ्याला हात लावू नका, प्रेताला हात लावू नका. पैसे त्यांनीही जमवले. पण गाणं गायलं ते ज्याला ताप आलाय त्याच्या घराला उद्देशून. बँड एडचं प्रत्येक गाणं आपल्याला उद्देशून आहे, सोफ्यावर बसलेल्यांना. इकडे आपण, तिकडे ते, आणि मध्ये एक खिडकी. मला बसवायला नको वाटतं ते याच्यामुळे. पंचवीस जणांना ओळीनं उभं करून मी ते ‘त्यांना’ म्हणायला लावते, आणि त्या ओळीत तिसऱ्या जागेवर अदिसची बाई उभी असते.

तिला मी अर्थात विचारलं होतं. तिचं मत माझ्यासारखं निघालं नाही. ८४ ला ती अदिसमध्ये शाळेत होती. गन्नाला त्यांची पोरं काठ्या-चेंडूचा हॉकीसारखा खेळ खेळत, त्यात पाय फोडून घेतल्याचं ती हसत सांगते. तिचे मामा वोलोतले. मदतीच्या गव्हावर त्यांची दोन पोरं वाचली, असं तिचं म्हणणं, आणि तो गहू गाण्याच्या पैशाचा होता की आणखी कुणाच्या, याच्याशी तिला कर्तव्य नाही. “शब्द मूर्ख आहेत,” ती म्हणाली, “पण डबा भरत असेल तर म्हणा की. मी त्या वेळी चहा करायला जाईन.”

गेल्डॉफही टीकाकारांना साधारण हेच सुनावतो, की या छोट्याशा पॉप गाण्यामुळे लाखो जीव वाचले. त्याच्या तोंडून ऐकताना मला राग येतो. तिच्या तोंडून ऐकल्यावर गप्प बसावं लागतं. तरी गाणं मी बसवलं नाही, कारण आल्टोमधला, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतला, सर्वांत पक्का आवाज चहा करायला पाठवायची माझी तयारी नाही.

तेव्हा यंदाही ते नसेल. रेव्हरंड टिळकांचं एक मराठी भजन आहे, दोन इंग्लिश कॅरोल आहेत, पोलिश जोडप्याचं एक पाळणागीत आहे. अम्हारिक गाणं तिनं आणलंय, त्यातली टाळ्यांची लय अजून निम्म्या लोकांना जमत नाही. तारीख या वेळी ४ जानेवारी धरली आहे. हॉल नाताळानंतर स्वस्त मिळतो.